आयकॅनच्या निवडणुकीत मी मत दिलं होतं

.कॉमसारखी नवी डोमेनं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांचे शेवट, कधी निघणार, एखाद्या वेबसाइटच्या नावावरून भांडण झालं तर कोणत्या नियमाने निवाडा होणार, हे ठरवणारी संस्था म्हणजे आयकॅन. १९९८ साली ती स्थापन झाली तेव्हा संचालक मंडळाच्या १९ पैकी ९ जागा सामान्य वापरकर्त्यांच्या प्रतिनिधींसाठी होत्या. प्रत्यक्षात २००० साली ५ जागांची थेट निवडणूक जाहीर झाली, जगाच्या पाच विभागांतून एकेक. वय किमान १६, एक ईमेल आणि टपालाचा पत्ता असला की कुणीही मतदार. स्वतःचं डोमेन असायची अट नव्हती. मी लगेच नाव नोंदवलं.

सदस्य क्रमांक आणि पासवर्ड ईमेलने मिळाला, पिन मात्र कागदी पत्रातून येणार होता. एकाच माणसाने दहा ईमेल काढून दहा मतं देऊ नयेत म्हणून ही खबरदारी, आणि ती मला पटली. पत्र आल्यावर पुन्हा साइटवर जाऊन तिन्ही गोष्टी भरायच्या, तेव्हा कुठे सदस्यत्व चालू होणार. गळती इथेच झाली. जगभरातून सुमारे १,५८,००० लोकांनी नोंदणी केली होती, सदस्यत्व चालू केलं सुमारे ७६,००० जणांनी.

पत्राची वाट पाहता पाहता मी वाचायला लागलो. रूट सर्व्हर म्हणजे काय, ट्रेडमार्कवाल्या कंपन्यांना डोमेनच्या वादात कितपत झुकतं माप मिळतं, देशांची डोमेनं कोण चालवतं. एरवी या गोष्टींच्या वाटेला मी गेलो नसतो. हाती मत येणार होतं, म्हणून उमेदवार काय म्हणतात ते समजून घेणं भाग होतं. काही उमेदवार आयकॅनच्या समितीने दिले होते, काही सदस्यांच्या पाठिंब्यावर उभे होते. सामान्य वापरकर्त्याला काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांना मी आजही हेच सांगतो: आधी मत द्या, माणूस आपणहून शिकतो.

मतदान १ ते १० ऑक्टोबर, ऑनलाइन, पसंतीक्रमाने. माझा विभाग आशिया-ऑस्ट्रेलिया-पॅसिफिक. खरा विचार दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीसाठी करावा लागला, बाकी काम सोपं होतं. आमच्याकडून जपानचे मासानोबू कातो निवडून आले. उत्तर अमेरिकेतून कार्ल आउअरबाख आणि युरोपातून अँडी म्युलर-मागून, दोघेही सदस्यांनी उभे केलेले.

एकूण ३४,०३५ मतं पडली. आफ्रिकेत फक्त १३०. हा आकडा पुढे थेट निवडणुकीविरुद्ध वापरला गेला. माझ्या मते त्यातून एवढंच दिसतं, की ज्या भागात इंटरनेट नुकतंच पोहोचत होतं तिथे मतदारही नुकतेच तयार होत होते. दुसऱ्या-तिसऱ्या निवडणुकीची संधीच मिळाली नाही. २००२ च्या फेररचनेत थेट मतदान बंद झालं. त्याच वर्षी आउअरबाख यांना संस्थेची कागदपत्रं पाहण्यासाठी कोर्टात जावं लागलं, आणि ते जिंकले. संचालक असूनही! मतदारांना उत्तर द्यायचं असलेला माणूस असा हट्ट धरतो. नेमलेल्या माणसाकडून मला ती आशा नाही.

त्यानंतर वापरकर्त्यांसाठी एक सल्लागार समिती आली, तिच्याखाली पाच विभागीय संघटना. सल्ला देता येतो, तो ऐकलाही जातो, कधीकधी. २०१० पासून संचालक मंडळात वापरकर्त्यांची एक जागा आहे, मताधिकार असलेल्या १६ पैकी १. ती निवडतात २० जण: समितीचे १५ सदस्य आणि पाच विभागीय अध्यक्ष. ही माणसं कष्टाळू आहेत, बिनमोबदला काम करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या एका जागेसाठी तरी प्रत्येक नोंदणीकृत वापरकर्त्याला मत हवं. १५ सदस्यांपैकी ५ तर आयकॅनची नामनिर्देशन समितीच नेमते. बदलाची सुरुवात या पाच जागा मतदानाने भरून करता येईल.