ओळखतोय की, पण परवाना कुठाय?

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, काडतुसांचं दुकान उघडलं आणि आलेलं पहिलंच गिऱ्हाईक परत पाठवलं, असं आमच्या घरात सांगतात. खरं-खोटं आबांनाच माहीत. पण गिऱ्हाईक परत पाठवणं हे आमच्या धंद्यातलं निम्मं काम आहे, त्यामुळं ती गोष्ट मी कधी खोडून काढली नाही.

आबा कोल्हापूर संस्थानच्या शिकारखान्यात बंदुकांच्या दुरुस्तीला होते. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. नोकरी गेली, हातातलं कसब राहिलं. तीन वर्षांनी त्यांनी शाहूपुरीत एक गाळा घेतला. बाहेर दुरुस्तीचं टेबल, आत लोखंडी कपाटात काडतुसं. तेव्हा इंग्रजांचा १८७८ चा शस्त्र कायदाच चालू होता. आपल्या लोकांच्या हातात बंदूक नको आणि गोऱ्यांना परवान्याची गरज नाही, अशा हिशेबानं केलेला. स्वतंत्र देशाचा शस्त्र कायदा १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. आमच्या दुकानातलं सगळ्यात जुनं विक्री रजिस्टर त्या ऑक्टोबरपासूनचं आहे. लाल कापडी बांधणी, आबांचं मोडीच्या वळणाचं देवनागरी अक्षर.

त्या रजिस्टरात पहिली दहा वर्षं नुसती शिकार दिसते. एलजी, एसजी, चार नंबर, ही छऱ्याच्या आकारावरनं पडलेली काडतुसांची नावं. दाजीपूर, राधानगरी, आंबा घाट. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पानंच्या पानं रिकामी पडली. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नुकते गल्ल्यावर बसायला लागले होते. पुढं ऐंशीच्या दशकात परदेशी बंदुकांची आयातही बंद झाली. अण्णांनी कुलपं आणि तिजोऱ्या दुरुस्त करून दुकान तगवलं. काडतुसाचं गिऱ्हाईक राहिलं ते तीन प्रकारचं. उसात रानडुक्कर शिरतं म्हणून पीक संरक्षणाची बंदूक घेतलेला शेतकरी, बत्तीसचं रिव्हॉल्व्हर बाळगणारा बागायतदार किंवा कारखानदार, आणि बँकेच्या दारातला दुनळीवाला सुरक्षारक्षक.

लोकांना वाटतं, बंदूक विकणं जोखमीचं. माझं मत उलटं आहे. बंदूक माणूस जन्मात एकदा-दोनदा घेतो. तिच्यावर नंबर कोरलेला असतो, तो परवान्यावर चढतो, सगळ्या सरकारी कागदांत ती दिसते. काडतुसावर तसा नंबर नसतो. खडकीच्या कारखान्याचं असेल तर बुडाला केएफ अक्षरं असतात, बास. ते खिशात बसतं, डब्यात बसतं, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं. ते कुणाच्या हाती पडतंय हे बघणारा शेवटचा माणूस म्हणजे काउंटरमागचा आम्ही.

म्हणून विक्री कशी होते ते जरा सविस्तर सांगतो. गिऱ्हाईक स्वतः येतं, मूळ परवाना घेऊन. फोटो आणि चेहरा जुळवायचा. युआयएन, म्हणजे सरकारी नोंदीतला परवानाधारकाचा ओळख नंबर, बघायचा. मुदत बघायची. मग हत्याराचा नंबर आणि बोर, म्हणजे नळीचं माप. परवान्यावर बारा बोर असेल तर बाराचीच काडतुसं. "भावाकडं बत्तीसचं आहे, त्याला पण द्या" चालत नाही. परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे तेही बघायचं, जिल्हा, राज्य की देश. मग एका वेळी किती आणि वर्षाला किती घेता येतात ते आकडे, आणि आधी घेतलेल्याच्या नोंदी. त्या परवान्यावरच असतात, दुकानदाराच्या सही-शिक्क्यासह. वजाबाकी करायची, उरतील त्यातलीच द्यायची. आमची नोंद परवान्यावर, रजिस्टरात, बिलावर. तीन ठिकाणी एकच आकडा. ह्याला पंधरा मिनिटं लागतात, आणि पंधरा मिनिटं गप्प उभं राहणारं गिऱ्हाईक कोल्हापुरात मिळत नाही.

"मालक, आमास्नी वळकत न्हाईसा व्हय? तुमच्या अण्णांपासनं येतोय न्हवं!"

"वळकतोय की. परवाना बघू."

दिवसाआड हे संभाषण होतं. अडचण चोरट्यांची नाहीच. चोरटा आमच्या दारात कशाला येईल? अडचण ओळखीच्या लोकांची. पावणं-रावळं, तालमीतला दोस्त, पोरीच्या सासरकडचा कुणीतरी. कायद्याच्या २९ व्या कलमात साधी गोष्ट लिहिलेली आहे: समोरच्याला बाळगायचा हक्क आहे का याची आधी खात्री न करता हत्यार किंवा दारूगोळा त्याच्या हाती दिला, तर देणारा गुन्हेगार. त्यानं पुढं त्याचं काही वाईट केलं की नाही, हा प्रश्नच नाही.

हे मला कलम वाचून कळलेलं नाही. १९९८ साली गगनबावड्याकडचे एक तात्या आले. अण्णांच्या काळापासूनचे, सज्जन माणूस. ऊस तोडणीला आलेला आणि डुकरांनी फड लोळवलेला. परवाना नूतनीकरणाला टाकला होता, हातात झेरॉक्स आणि पावती. मी पावती वाचली, तात्यांचा चेहरा बघितला आणि दहा काडतुसं दिली. मुदत संपून अकरा दिवस झाले होते. महिन्याभरानं तपासणी आली आणि रजिस्टरातल्या त्याच ओळीवर साहेबांचं बोट थांबलं. मूळ परवान्यावर नोंद कुठाय? नव्हतीच, परवाना ऑफिसात पडून होता. मला कारणे दाखवा नोटीस, दुकान दोन महिने बंद. तात्यांनाही जबाब द्यायला लागला, ते जास्त लागलं.

अण्णा एका शब्दानं बोलले नाहीत. दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी त्यांनी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आणलं आणि काउंटरच्या बरोबर वर, परवाना ठेवतो तिथं ठोकलं. मोठ्ठा लाल आकडा. परवान्यावरच्या तारखेवरून नजर उचलली की आजची तारीख समोर. दर वर्षी नवं आणतो, खिळा तोच आहे.

सुरक्षारक्षकांचा विषय थोडा वेगळा. आमच्याकडं सैनिक टाकळीसारखी घरटी एक फौजी असलेली गावं आहेत. निवृत्त झाला की दुनळी घेऊन बँकेत नाहीतर कॅशच्या गाडीवर. काहींचे परवाने जिथं नोकरी केली तिथले, पार जम्मूकडचे. तिकडच्या परवाना वाटपातल्या गैरप्रकारांचा तपास पुढं सीबीआयकडं गेला आणि तेव्हापासून परराज्यातला परवाना दिसला की मी आधी फोन उचलतो. देणाऱ्या कार्यालयाकडून खात्री होईपर्यंत विक्री नाही. खरा फौजी ह्यावर चिडत नाही, बाकावर बसून चहा पितो. चिडला तर मी सावध होतो. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही.

आणि एक गिऱ्हाईक असतं जे स्वतः येऊच शकत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. माणूस गेला की बंदूक आणि उरलेली काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा आमच्यासारख्या परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायला लागतात. पोराला पाहिजे असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. पण घरातल्यांच्या डोक्यात ते येत नाही. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी एक पोरगा वडिलांचा परवाना घेऊन आला होता. मुंडण केलेलं डोकं, उन्हात टोपीसुद्धा नाही. "बाबांच्या नावावर अजून वीस शिल्लक हाईत." त्याला वाटत होतं, रेशनकार्डासारखंच असावं. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, बंदूक कुठं आहे विचारलं. पलंगाखाली होती. संध्याकाळी तो आणि त्याचा चुलता बंदूक आणि सात काडतुसं घेऊन आले, जमा पावती केली. आज आतल्या खोलीच्या भिंतीवर अशा चौदा बंदुका आहेत, प्रत्येकीच्या दस्त्याला चिठ्ठी बांधलेली. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली, तेव्हा त्यात आणखी भर पडली.

त्याच २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर गेलं. संध्याकाळी रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं. शेजारचे व्यापारी टेम्पो भरून माल घरी नेत होते. आमचा माल घरी नेता येत नाही. परवान्यावर जो पत्ता तिथंच काडतुसं ठेवायची. दुकानात ठेवली तर भिजणार, घरी नेली तर गुन्हा. शेवटी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज दिला. रात्री त्यांची गाडी आली आणि विजेरीच्या उजेडात, गुडघाभर पाण्यात उभं राहून आम्ही एकेक खोकं मोजून ताब्यात दिलं. माझी पोरगी आकडा म्हणायची, हवालदार लिहायचे, मी सही करायचो. खालच्या फळीवरची सहा खोकी तोवर भिजली होती. तीही फेकता येत नाहीत. नष्ट करायची परवानगी यायला सात महिने लागले, तोवर ती भिजकी काडतुसं रजिस्टरात 'शिल्लक' म्हणून मानानं राहिली. २०२१ ला पुन्हा महापूर आला तेव्हा आम्ही पाऊस चढताच अर्ज तयार ठेवला होता.

धंद्याला हल्ली जरा बरे दिवस आहेत ते नेमबाजी शिकणाऱ्या पोरांमुळं. २०१० ला तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, २०१८ ला राही सरनोबतनं आशियाई सुवर्ण जिंकलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ऑलिंपिक कांस्य घेतलं. प्रत्येक पदकानंतर आई-बाप पोरांना घेऊन दारात. कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, ती आणि तिचे छर्रे विकतो. तरी ओळखपत्राची प्रत घेतो आणि आई-बापांची सही. "पॉइंट टू-टूची काडतुसं द्या की" म्हणणाऱ्याला मात्र तेच उत्तर. परवाना.

पोरगी स्वतः चार वर्षं नेमबाजीच्या रेंजवर होती, आता गल्ल्यावर बसते. माझ्यापेक्षा कडक आहे. मागच्या दिवाळीत माझ्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरसाठी कपाटातून दहा काडतुसं काढली, तर म्हणाली, "पप्पा, परवाना?" तो घरी होता. स्कूटर काढून घरी जाऊन आलो.

दुकानाच्या परवान्यावर तिचं नाव चढवायचा अर्ज दिलाय, पुढच्या आठवड्यात त्यासाठी तपासणी आहे. काल रात्री चार नंबरची काडतुसं दोनदा मोजली. दोन्ही वेळा आकडा जुळला. आज एलजी मोजायची आहेत.