एकवीरा आईचं रेडियम

रविवार, ऐरोली

बाबांच्या वॅगनारच्या डिकीवरचं रेडियम आज निघालं एकदाचं. मरून गाडी, एमएच ४३ पासिंग, घेतल्या घेतल्या बाबा कार्ल्याला दर्शनाला नेऊन आले आणि येताना रेडियमवाल्याकडून "एकवीरा आई प्रसन्न" लावून घेतलं होतं. आता गाडी मी चालवतो आणि अक्षरं इतकी वाळलेली की "प्रसन्न" मधला "प्र" कधीच उडून गेलेला, देवीचं नाव असं फाटकं घेऊन ठाणे-बेलापूर रोडला फिरणं मला बरं वाटत नव्हतं.

गॅरेजवाला म्हणाला थिनर मारा, पाच मिनिटांत साफ. मी नाहीच म्हटलं. डिकीचा खालचा कोपरा मागे ठोकून परत रंगवलेला आहे, कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो तो तरी थोडा तग धरतो, पण गॅरेजमध्ये मारलेला रंग थिनरने सरळ फडक्यावर येतो. आणि ब्लेड तर नकोच, वरचा क्लिअर कोट आपल्या केसापेक्षा पातळ असतो, एकदा खरवडला की गेला.

ताईचा हेअर ड्रायर आणि वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेंशन. रेडियम नवीन असताना मऊ असतं ते त्यात मऊपणासाठी घातलेल्या केमिकलमुळे, उन्हात वर्षानुवर्षं ते उडून जातं आणि मग ओढलं की तुकडे पडतात, म्हणून घाई करून उपयोग नाही. हाताला सोसेल इतपतच तापवायचं, ड्रायर हलता ठेवायचा, एका जागी धरायचा नाही. "ए" ची वरची रेघ नखाने उचलली, मग जुन्या एटीएम कार्डाची कड आत सरकवली आणि सरळ वर न ओढता मागे दुमडून, जवळजवळ पत्र्याला चिकटूनच, हळूहळू ओढत गेलो, खाली गोंद तारेसारखा ताणला जायचा, तुटला की थांबायचं आणि परत गरम करायचं. "क" ची गाठ आणि "वी" ची वेलांटी अख्खी निघाली तेव्हा फार बरं वाटलं. "न्न" ने मात्र जीव खाल्ला, टिकल्या टिकल्या करून निघाला.

राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेल लावून ठेवलं, चहा पिऊन आलो, मऊ फडक्याने पुसलं, गोळ्या होऊन आला सगळा. नंतर शाम्पूच्या पाण्याने धुतलं, तेल राहिलं तर पॉलिश धरत नाही.

आई खाली आली होती बघायला. "अरे पायाखाली येऊ देऊ नको हां." तुकडे सगळे पेपरवर गोळा केले होते. निर्माल्य कलशात टाक म्हणाली, पण त्या निर्माल्याचं खत करतात आणि हे तर शुद्ध प्लास्टिक, तिला समजावलं, मग तिनेच पुडी बांधून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. माझ्या मते योग्यच केलं. बाबांनी हात जोडून लावलेलं होतं ते.

आता डिकीवर अक्षरं तशीच दिसतायत, गडद मरून, आजूबाजूचा रंग फिका. लोकांना वाटतं स्टिकरने डाग पाडला, खरं तर स्टिकरखालचाच रंग शोरूमचा आहे, ऊन खाल्लंय बाकीच्या पत्र्याने, त्यामुळे कंपाउंड, म्हणजे रंग उजळायची पेस्ट, घासायचं ते अक्षरांवर नाही, भोवतीच्या फिक्या भागावर. थोडं घासलं आज सावलीत, गरम पत्र्यावर ते लगेच वाळतं. बराच फरक पडला, पूर्ण जाणार नाही, पुन्हा पुन्हा घासत बसलो तर क्लिअर कोटच संपेल, तेवढी किंमत मला नाही मोजायची.

दारांवरच्या कंपनीच्या पट्ट्यांना हात लावणार नाही, नखाला कड लागतच नाही म्हणजे क्लिअर कोटच्या आत आहेत. वॅक्स पुढच्या रविवारी, आणि नवीन रेडियम आईने सांगितलंय काचेवर लावायचं, पत्र्यावर नको.