मासारिक बाहेरच राहिली

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि वर्षातून एकदा वर्गाचे ब्रिटिश मंत्रिमंडळ करतो. तारीख ठरलेली असते, २५ सप्टेंबर १९३८. प्रश्नही एकच असतो: चेकोस्लोव्हाकियाचा जर्मनभाषक सीमाभाग, सुडेटेनलँड, १ ऑक्टोबरपर्यंत जर्मन सैन्याच्या ताब्यात द्या, ही हिटलरने जर्मनीतल्या गोडेसबर्गला पुढे केलेली मागणी मान्य करा, असे चेकोस्लोव्हाकियाला सांगायचे की नाही. परीक्षेत अनुनयाच्या, म्हणजे हिटलरच्या मागण्या पुरवून युद्ध टाळण्याच्या, धोरणावर टीप लिहायला सांगतात आणि तेव्हाचा पंतप्रधान चेंबरलेनची छत्री व विमानतळावर फडकवलेला तो कागद आठवला की गुण मिळतात, म्हणून हा खटाटोप. शिवाय १९५६ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ईडनने इजिप्तच्या नासेरला मुसोलिनीच्या पंक्तीला बसवले तेव्हापासून ज्याला युद्ध हवे असते तो म्युनिकचे, म्हणजे जिथे अखेर सुडेटेनलँड हिटलरला देऊन टाकले त्या परिषदेचे, नाव घेतो. निदान माझ्या विद्यार्थ्यांनी तरी ते नाव उच्चारण्यापूर्वी त्या खोलीत बसून पाहावे, असे मला वाटते.

खरी मेहनत पाकिटांची आहे. प्रत्येक मंत्र्याच्या पाकिटात त्या दिवसापर्यंत लंडनला ठाऊक असलेले तेवढेच कागद जातात, पुढचे एक अक्षरही नाही. बेर्खटेसगाडेनला चेंबरलेन आणि हिटलर यांच्या झालेल्या पहिल्या भेटीचा गोषवारा. ब्रिटनने आणि त्याच्या मित्रांनी कितीही दबाव आणला तरी जर्मनीला बोहेमिया, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा पश्चिम भाग, पादाक्रांत करण्यापासून रोखता येणार नाही, हे सेनाप्रमुखांचे मार्चमधले मत. स्पिटफायर ही नवी लढाऊ विमाने पहिल्या तुकडीकडे ऑगस्टमध्ये नुकतीच आल्याची नोंद. स्वायत्त वसाहतींची लढण्याविषयीची नाराजी. गॅस-मास्कच्या वाटपाची तयारी. ही पाकिटे मी गेली कित्येक वर्षे घासूनपुसून नीट केली आहेत आणि त्यांचा मला अभिमान होता. यान मासारिक, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा लंडनमधला राजदूत, याचे पाकीट वेगळे असते. ज्याच्या वाट्याला ते येते त्याने बाहेर व्हरांड्यात थांबायचे आणि शेवटची पंधरा मिनिटे उरली की आत येऊन आपल्या सरकारचे पत्र वाचायचे. यंदा ते एका अबोल मुलीकडे गेले.

आदल्या आठवड्यात चेंबरलेनला भित्रा ठरवणारी मुलेच या वेळी सर्वांत आधी विरघळली. सेनाप्रमुखांचा कागद टेबलावर फिरला, कोणीतरी पहिल्या महायुद्धातल्या मृतांचा आकडा काढला, आणि चर्चा बघता बघता 'द्यायचे का' वरून 'कसे द्यायचे' वर घसरली. मी खूश होतो, कारण त्या काळाचा दबाव मुलांना जाणवावा हाच तर हेतू. मतदान झाले. मागणी मान्य करा म्हणणारे नऊ, नको म्हणणारे तीन.

खऱ्या मंत्रिमंडळाने त्या दिवशी असे केले नव्हते. तोवर चेंबरलेनच्या पाठीशी असलेल्या परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्सनेच २५ तारखेला पाऊल मागे घेतले आणि चेकांवर या अटी लादण्यास नकार दिला. आदल्या रात्री त्याच्या खात्याचा सचिव कॅडोगन याने त्याला खडे बोल सुनावले होते आणि त्याला झोप लागली नव्हती. माझ्या हॅलिफॅक्सने कागद इमानदारीने वाचले, पण त्याच्याकडे दोन तासिका होत्या, रात्र नव्हती. ती पाकिटात घालता येत नाही. म्हणजे चेंबरलेनला नावे ठेवणाऱ्या वर्गाने चेंबरलेनच्या मंत्र्यांहून अधिक देऊन टाकले होते. हे मी फळ्यापाशी उभा राहून मोठ्या रंगात सांगत असताना दार उघडले.

"सर, मला बोलावणार होतात ना?"

मी तिला विसरलो होतो. म्युनिकला चेक प्रतिनिधींना वाटाघाटींपासून दूर हॉटेलात बसवून ठेवले होते, हे मी दरवर्षी आवाज चढवून सांगतो, आणि तिला मी दीड तास बाहेर बसवून विसरलो. निम्मा वर्ग उठलेला असताना तिने पत्र वाचले: या अटी म्हणजे सार्वभौम देशापुढे ठेवलेला प्रस्ताव नसून पराभूत राष्ट्राला द्यावा तसा निर्वाणीचा खलिता आहे. मग स्वतःच्या पाकिटातला दुसरा कागद वर धरून तिने विचारले, "आमची सैन्यभरती २३ तारखेलाच सुरू झाली आहे, दहा लाखांहून जास्त माणसे उभी राहतील. आमच्या तटबंद्या ते मागतात त्याच भागात आहेत. हे यांच्या पाकिटात का नाही?"

लंडनला सैन्यभरतीची बातमी अर्थातच होती. कागद मी घातला नव्हता, एवढेच. चेंबरलेनने वर्षभराचा अवधी मिळवला आणि त्यात स्पिटफायर तयार झाली, हे मत मी वर्गात उघडपणे मांडत नाही, पण आता पाकिटे पुन्हा चाळली तर तेच त्यांत भरलेले दिसते. त्याच वर्षात स्कोडाचे शस्त्रास्त्रांचे चेक कारखाने जर्मनीच्या हाती गेले आणि १९४० मध्ये जर्मन सेनापती रोमेलची रणगाडा-तुकडी मोठ्या संख्येने चेक रणगाडे घेऊन फ्रान्समध्ये घुसली, हे मला माहीत नव्हते असे नाही. एका सहकाऱ्याला हे सांगितले, तर त्यांनी असली नाटके बंद करून अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा सल्ला दिला. त्यांचा अभ्यासक्रम नेहमी वेळेत पूर्ण होतो.

सैन्याचा कागद आता सगळ्या पाकिटांत गेला आहे. मासारिकला पुढच्या वर्षी कुठे बसवायचे ते ठरत नाही. त्या मुलीला विचारले, तर ती म्हणाली, "बाहेरच, सर. पण दार उघडे ठेवा."