असईची माती

गिऱ्हाइकाला जमीन पिवळी हवी होती. इंग्लंडातले निवृत्त शिक्षक, टेबलावर लढाया खेळण्याचा जुना नाद. ऑर्डर होती इंग्रज आणि मराठ्यांमधल्या असईच्या लढाईची: २३ सप्टेंबर १८०३, सहा बाय चार फुटांचं मैदान आणि २८ मिलिमीटरचे दोन्ही बाजूंचे शिपाई. पुण्यात बसून मी बाहेरदेशीच्या हौशी लोकांसाठी नेपोलियनचे गार्ड रंगवतो, परग्रहावरचे राक्षस रंगवतो. आपल्या मुलखातली लढाई पहिल्यांदाच हाती आलेली. आणि या गृहस्थांनी नमुना म्हणून पाठवला वाळवंटाचा फोटो! हिंदुस्थान म्हटला की धूळ, ऊन आणि कोपऱ्यात एक ताड, हे तिकडे ठरूनच गेलंय.

मी कळवलं, सर, हस्त नक्षत्राच्या तोंडावर मराठवाडा पिवळा नसतो. त्यांचं उत्तर आलं, दाखवा.

मग सप्टेंबर संपता संपता जालन्याच्या मावसभावाची मोटरसायकल घेतली आणि सकाळीच असई गाठली. पाठीवर रंगांच्या बाटल्या, रंग वाळू न देणारी ओली पॅलेट आणि फोमचे तळहाताएवढे तुकडे.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे रण. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याचे वाटाडे म्हणत होते, नदी ओलांडायला जवळपास उतार नाही. त्यानं केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही गावं पाहिली आणि ताडलं, की इतकी जवळची गावं एकमेकांकडे जात-येत असणारच. उतार निघाला. शिंद्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि नदी ओलांडतानाच त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं उडालं. हे सगळं मला वाचून पाठ होतं. पाण्याचा रंग मात्र पाठ नव्हता: दुधाळ तपकिरी, काठाशी थोडा हिरवट. पारदर्शक रेझिन ओतून चकचकीत निळी नदी करायची सवय इथे कामाची नव्हती.

बांधावर बसून ढेकळाशी रंग जुळवत होतो, तर एक शेतकरी काका आले.

“काय सर्व्हे चाललाय? रस्ता जातोय का इथून?”

“नाही काका, मातीचा रंग जुळवतोय. लढाईचा देखावा करायचाय, टेबलावर.”

त्यांनी माझ्या तुकड्याकडे पाहिलं. मी तो सरसकट काळपट तपकिरी केला होता. “ही अशी ओली असतानाच. दोन दिस ऊन पडलं की वरून राखेवानी होते,” म्हणाले, आणि ढेकूळ उचलून माझ्यासमोर फोडलं. बाहेरून करडं, आतून काळंभोर, आणि फुटलेल्या कडेवर जांभळ्याची किंचित झाक.

एवढ्यानं काम झालं. तळाला गडद तपकिरी आणि त्यात जांभळ्याचा थेंब. वाळल्यावर कोरड्या ब्रशनं, म्हणजे रंग फडक्याला पुसून जवळजवळ रिकाम्या केलेल्या ब्रशनं, फक्त उंचवट्यांवर करडा फिरवायचा. भेगांत करडा जाता कामा नये, नाहीतर माती सिमेंटसारखी दिसते. तिथेच दुसरा तुकडा करून काकांना दाखवला. त्यांनी तो उन्हात धरला, बोटानं चाचपला आणि म्हणाले, “आता जमलं. पण पीक कुठंय?”

पिकाचा हिशोब मी करून ठेवला होता. आठ फुटी ज्वारी या मापात त्रेचाळीस मिलिमीटर होते, म्हणजे माझ्या शिपायाहून दीडपट उंच. सगळीकडे लावली तर पलटणी दिसेनात आणि खेळणाऱ्याला हात घालायला जागा उरेना. म्हणून ज्वारी फक्त नदीपलीकडे, टेबलाच्या कडेला. काकांना हे पटलं नाही. शेत म्हणजे शेत, असं त्यांचं मत.

दुपारी गावात रेंज मिळाली तेव्हा शिक्षकांना व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा हिरव्या बांधांवरून फिरवला, मग फुटलेलं ढेकूळ आणि रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी धरले. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग विचारलं, यावर इंग्रज शिपायांचे लाल कोट कसे दिसतील? मी म्हटलं, अहो, पिवळ्यावर लाल विटतो, काळ्यावर पेटतो! खिशात ७८ व्या हायलँडर्स या इंग्रजांकडच्या पलटणीचा एक नमुना होता, तो तुकड्यावर उभा करून दाखवला.

जमीन मंजूर झाली. पण पुढची मागणी आली ती तोफा डागणाऱ्या गोलंदाजांची. शिंद्यांचे काही गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पलटणी पुढे सरकल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. शिक्षकांना प्रत्येक तोफेमागे गोलंदाजांचे दोन संच हवे होते, एक आडवा आणि एक उभा, म्हणजे खेळात ऐन वेळी बदलता येतील. असे आडवे गोलंदाज सहसा कोणी ओतत नाही. मी उभ्यांचे गुडघे कापून, पुट्टीनं सांधे भरून ते करायचे ठरवलं आणि त्याचे पैसे वेगळे लावले. त्यांनी घासाघीस केली नाही.