पाचव्या भोकावरची विंग

"विंग काढून ठेवा, गाडी जोरात पळतेय," असं मी डिकीवर पंखासारखी आडवी विंग लावून ट्रॅकवर आलेल्या एका गृहस्थांना जेवायच्या सुट्टीत सांगितलं. तीन वाजता त्यांची गाडी ट्रॅकवरच्या सगळ्यात वेगवान वळणाबाहेर, गवतात, आल्या दिशेला तोंड करून उभी होती. गाडीला ओरखडा नाही, माणूस धडधाकट. चार टायर तेवढे एका जागी घासून चपटे झाले. तरी ते तीन तास डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहितोय.

माझं काम ट्रॅकवर गाड्या सेट करायचं. चाकांचे कोन, स्प्रिंगा, टायरचं प्रेशर आणि हल्ली निम्मा दिवस लॅपटॉपवरच्या रेघा. लोकांना वाटतं, हे दिवसभर गाड्या उडवत असतील. उडवणारे दुसरे असतात. आम्ही पिटमध्ये उकिडवे बसून टायर गार व्हायची वाट बघतो.

गृहस्थ पन्नाशीचे. गाडी दोन दारांची, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. डिकीवर दोन दांड्यांवर उभी केलेली, जवळजवळ दीड मीटर लांबीची विंग. "मित्र हसतात हो," ते म्हणाले, "कपडे वाळत घालायला बरी आहे म्हणतात. तुम्ही मोजून सांगा, हिने काही होतं की नाही."

एवढा सरळ प्रश्न घेऊन फार कमी लोक येतात. बहुतेकांना उत्तर आधीच ठाऊक असतं, आमच्याकडून फक्त शिक्का हवा असतो.

आमच्या उस्तादांचं मतही आधीच ठरलेलं. मागे जे काही लावलेलं असेल त्याला ते 'शेपूट' म्हणतात. अपवाद एकच, १९७२ सालच्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ ची बदकशेपटी. ती त्यांना मान्य, कारण तिने मागची उचलही कमी केली आणि वरचा वेग घटवण्याऐवजी थोडा वाढवलाच. पण बदकशेपटी हा स्पॉयलर आणि आमच्यासमोर होती ती विंग. दुकानदार दोन्हींना एकच नाव देऊन विकतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. स्पॉयलर अंगाला चिकटलेला असतो. छतावरून उतरणाऱ्या हवेचा प्रवाह तो बिघडवतो, नावाप्रमाणेच, आणि त्यामुळे गाडीचं मागचं अंग वर खेचलं जाणं कमी होतं. विंगच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा जावी लागते. ती उलट्या पंखासारखी खाली दाबते आणि हे काम मुख्यतः खालच्या बाजूने होतं, तिथे हवेचा दाब घटतो आणि विंग खाली ओढली जाते. पण लोक पॉलिश करतात वरची बाजू. यांनीही केली होती, तोंड बघावं इतकी चकचकीत. खाली मात्र दांड्यांच्या रुंद पट्ट्या आणि बोल्टची डोकी प्रवाहाच्या मधोमध. रेसच्या गाड्यांवर हल्ली हंसाच्या मानेसारख्या दांड्या वरून वळवून विंग टांगतात ती याचसाठी, खालची बाजू मोकळी राहावी म्हणून.

कोन बदलायला दांडीत पाच भोकं होती. विंग पाचव्या भोकावर, म्हणजे सगळ्यात उभी. "जास्त कोन, जास्त दाब," गृहस्थ म्हणाले. हे एका मर्यादेपर्यंत खरं आहे.

ती मर्यादा बघायची सगळ्यात स्वस्त युक्ती लोकरीची. बोटभर लांबीचे धागे कापायचे, एक टोक मास्किंग टेपने चिकटवायचं, दुसरं मोकळं सोडायचं. मागच्या काचेवर, डिकीवर, विंगच्या वर आणि खाली मी साठेक धागे लावले आणि कॅमेरा चिकटवून गाडी ट्रॅकवर सोडली. परत आल्यावर व्हिडिओ सावकाश पाहिला. विंगच्या दोन्ही टोकांना धागे खालून-वरून सरळ मागे झोपलेले, विंचरल्यासारखे. मधल्या भागात खालचे धागे चक्क पुढे तोंड करून फडफडत होते. म्हणजे तिथे हवा विंगला सोडून गेली होती. कारण साधं आहे. मधली हवा छतावरून आणि काचेवरून उतरत येते, त्यामुळे विंगचा मधला भाग तिला आणखी उभा भेटतो. टोकांकडची हवा बरीचशी आडवी येते. चांगल्या विंगा मध्ये कमी कोनाच्या पिळलेल्या असतात त्या म्हणूनच. यांची सरळ पट्टी होती. गृहस्थ तो व्हिडिओ तीनदा बघून म्हणाले, "म्हणजे मी मधल्या भागाचे पैसे फुकट घालवले?" मला माणूस तिथेच आवडला.

दुसऱ्या भोकावर आणल्यावर मधले धागेही झोपले.

मग आकडे. शॉक ॲब्सॉर्बरवर सेन्सर लावले की कुठल्या वेगाला गाडी किती बसते किंवा उठते ते मिलिमीटरमध्ये कळतं, आणि स्प्रिंगचा कडकपणा माहीत असला की त्याचे किलो करता येतात. ताशी १६० ला, विंग नसताना, गाडीचं मागचं अंग साडेपाच मि.मी. वर उठत होतं. पाचव्या भोकावर दोन मि.मी. उठत होतं. दुसऱ्या भोकावर ते उठायचं सोडून दोनेक मि.मी. खाली बसलं. हिशोबाने विंगचा दाब चाळीस किलोच्या आसपास. मित्रांना दाखवायला हे पुरेसं होतं.

पण त्याच ओळीत शेजारचा रकाना होता, पुढच्या चाकांचा. मागे दाब आला तसं नाक दीड-दोन मि.मी. वर गेलं. विंग मागच्या चाकांच्याही मागे असते. ती तिथे दाबली की गाडी सीसॉसारखी मागे झुकते आणि पुढची चाकं हलकी होतात. विंगवर हवेचा रेटा उंचावर बसतो, त्याची भर वेगळी. पुढच्या बंपरखाली ओठ, म्हणजे हवा अडवणारी पट्टी, न लावता मागे मोठी विंग लावणाऱ्यांची गाडी वेगात वळायलाच नकार देते, आणि मग ते स्टिअरिंगला दोष देतात. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते अशा गाडीवर मोठी विंग चढवणाऱ्यांबद्दल उस्ताद जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

शिवाय वेग. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वर्गानेच उतरतो. १६० ला चाळीस किलो देणारी विंग ६० च्या वळणात सहा किलोही देत नाही. दांड्यांसकट तिचं स्वतःचं वजन त्याहून जास्त भरलं, मी काट्यावर घातली होती. ओढही फुकटची नाही. २०० च्या वेगाला दर दहा किलो ओढीमागे सात-साडेसात अश्वशक्ती वाऱ्यात जाते.

आता लॅप, म्हणजे ट्रॅकला एक पूर्ण वळसा. आमच्या ट्रॅकवर हळू वळणं पाच आणि वेगाचं खरं वळण एकच, साधारण १५० ला घ्यायचं. दर वेळी पाच लॅप, चालवणारे गृहस्थ स्वतः. पाचव्या भोकावर सर्वोत्तम लॅप १ मिनिट ५२.४ सेकंद. दुसऱ्या भोकावर १ मिनिट ५१.६. विंग काढून १ मिनिट ५१.२, आणि सरळ रस्त्याच्या टोकाला वेग २०३. विंगसह तो २०० च्या पुढे गेला नव्हता.

"बघ," उस्ताद म्हणाले, "शेपूट."

मीही घड्याळाकडे बघितलं आणि निकाल दिला. डबा उघडता उघडता दिला, हे जास्त लागतंय. कारण कागदावर आणखी एक गोष्ट होती. दुसऱ्या भोकावरचे पाचही लॅप एकमेकांपासून तीन दशांशात होते. विंगशिवायचे पाच लॅप दीड सेकंदात पसरलेले. एक लॅप झकास, दोन बरे, दोन बिचकत मारलेले. वेगाच्या वळणात गृहस्थ स्टिअरिंग सतत दुरुस्त करत होते, ती रेघ करवतीसारखी होती. मी ती पाहिली होती. पाहून म्हटलं, सवय होईल.

जेवणानंतर ते पुन्हा विंगशिवाय निघाले. चौथ्या लॅपला, त्याच वळणात मध्यावर, त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. काही मोठं कारण नव्हतं, किंचित बाहेर गेल्यासारखं वाटलं म्हणून. पाय काढला की वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात. इथे ती वाऱ्याने आधीच साडेपाच मि.मी. उचललेली. गाडी मागून निघाली ती थांबलीच नाही. सेन्सरच्या आलेखात ती जागा अर्ध्या सेकंदाची आहे. मी ती किती वेळा मोठी करून पाहिली असेल!

आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती असंही नाही. नव्या पोरांना मीच पहिल्या ऑडी टीटीची हकिकत सांगतो. १९९८ मध्ये ती आली तेव्हा मागे स्पॉयलर नव्हता, गोल पाठ सुंदर दिसायची. जर्मनीतल्या ऑटोबानवर भर वेगात लेन बदलताना, वळताना गाड्या भिरभिरल्या, माणसं गेली. मग कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर, ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) आणि सस्पेन्शनमध्ये बदल दिले. तो स्पॉयलर काही लॅप टाइमसाठी नव्हता. हे मी दर वेळी आवर्जून सांगतो, आणि त्या दिवशी उभ्या-उभ्या घड्याळ वाचून मोकळा झालो.

गाडी ओढून आणली तेव्हा गृहस्थ हसत होते, पण हेल्मेट काढताना हात थरथरत होता. "विंग असताना तिथे मला विचारच करावा लागत नव्हता," एवढंच म्हणाले. तक्रार नव्हती. तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं. उस्ताद म्हणाले, "पाय काढायलाच नको होता." बरोबर आहे. पण पाय काढणारी माणसंच गाड्या चालवतात, आणि त्यांच्यासाठीच आम्ही सेट करतो.

रात्री कागद पुन्हा काढला तेव्हा दुसरी चूक सापडली, आणि ती माझ्या धंद्यातली आहे. काहीही तपासताना पहिली स्थिती शेवटी परत आणून बघायची असते. पहिली, बदल, पुन्हा पहिली. आकडा जुळला तरच मधला बदल खरा. मी सकाळी पाचवं भोक, मग दुसरं, मग विंग काढून, अशा ओळीने गेलो आणि भूक लागली म्हणून परत फिरलो नाही. सकाळी टाकी भरलेली होती. दर लॅपला दोनेक लिटर पेट्रोल जात होतं, म्हणजे तिसऱ्या फेरीला गाडी पंधरा किलो हलकी. ट्रॅक तापलेला, आणि गृहस्थांना दहा लॅपनंतर वळणं पाठ. तो चार दशांशाचा फायदा विंग काढल्याचा होता की पेट्रोल जळल्याचा, हे माझा कागद सांगूच शकत नाही. चालवणाऱ्यापासून बदल लपवावा म्हटलं तर विंग आरशात दिसते.

परवा त्यांचा फोन आला. "मित्रांना काय सांगू?" मी म्हटलं, अजून काही सांगू नका. विंग दुसऱ्या भोकावर बसवा, तिसऱ्यावर नको, नाहीतर नाक आणखी उठेल. आधी पुढे ओठ लावू. डिकीच्या पत्र्याला आतून पट्टी मारून घ्या. २०० ला तो पातळ पत्रा साठ-पासष्ट किलो सोसतोय आणि दांडीच्या बुडाशी रंगाला केसभर चीर दिसली होती. नवे टायर चढले की अर्धी टाकी पेट्रोल घेऊन सकाळी सातला या. आधी दुसरं भोक, मग विंगशिवाय, मग पुन्हा दुसरं भोक. दर फेरीआधी पेट्रोल त्याच खुणेपर्यंत भरायचं.

"आणि विंगशिवायच्या फेरीत?" त्यांनी विचारलं.

तेव्हा चालवायला दुसऱ्या कोणाला तरी बसवू, म्हटलं. उस्तादांना विचारलंय. ते अजून हो म्हणालेले नाहीत.