के-४० लेझर आणि घरातलं अर्थिंग : माझा अनुभव

मागच्या दिवाळीनंतर सेकंडहँड के-४० घेतली, म्हणजे ती निळी चायनीज सीओटू लेझरची कटिंग मशीन, ४० वॉटची म्हणून विकतात ती. अक्रेलिकच्या नेमप्लेटा, एमडीएफची मखरं असलं काम डोक्यात होतं. घर आमचं साताऱ्यात, जुनं. मागच्या खोलीत मशीन मांडली, चालू केली, झाकण उघडायला हात लावला तर मनगटापर्यंत मुंग्या. ज्याच्याकडून घेतली त्याला फोन केला तर म्हणाला चायना मशीनला थोडं येतंच, चप्पल घालून काम करा. आणि मी दोन दिवस खरंच रबरी चप्पल घालून काम केलं, त्याची आठवण आली की अजून पोटात कसंतरी होतं, कारण त्याच खोलीत माझा सहा वर्षांचा पुतण्या कटिंग बघायला येऊन उभा राहायचा.

तिसऱ्या दिवशी टेस्टर लावला तर बॉडीवर लख्ख पेटला. मल्टीमीटरने बॉडी ते न्यूट्रल १०८ व्होल्ट. नंतर कळलं की पॉवर सप्लायच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला, आणि अर्थिंग नसलं की बॉडी बरोबर अधेमधे म्हणजे २३० च्या निम्म्यावर तरंगत राहते. त्यातून येणारा करंट अगदी थोडा असतो, मुंग्या येण्यापुरता. खरी भीती त्या मुंग्यांची नाहीच. मुंग्या येतायत म्हणजे बॉडी जमिनीला जोडलेलीच नाही, आणि या मशीनमध्ये लेझर तयार करणाऱ्या काचेच्या ट्यूबला १५ ते २० हजार व्होल्ट जातात. ट्यूबमधून परत येणारी वायर मिलीअँप मीटरमधून सप्लायच्या एल मायनस या टर्मिनलला येते, आणि माझ्या सप्लायमध्ये मोजलं तर एल मायनस आणि बॉडी आतून एकच. म्हणजे ती वायर कुठं सैल झाली किंवा हाय व्होल्टेजची स्पार्क बॉडीवर उडाली तर तो करंट अर्थमधून निघून जायला पाहिजे, अर्थच नसेल तर झाकणाला हात लावणाऱ्या माणसातून जाणार.

पण आमच्या सॉकेटला तर तिसरं भोक होतं, त्याला आतून हिरवी वायर पण होती! मी मीटर लावला, फेज ते अर्थ २१६ व्होल्ट. म्हणलं अर्थिंग आहे की मग. इथं मी फसलो होतो. आमच्या आळीतले जुने वायरमन आहेत, आम्ही मामा म्हणतो, त्यांना बोलावलं. ते म्हणाले अरे मीटर करंट ओढतच नाही, त्याला कसाबसा चिकटलेला अर्थ पण चालतो, लोड देऊन बघ. त्यांनी होल्डरला १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून फेज आणि अर्थच्या मध्ये धरला तर फिलामेंट नुसती लालसर. फेज-न्यूट्रलवर तोच बल्ब झगझगीत. (हे स्वतः करू नका, उघड्या वायरींचं काम आहे, वायरमनकडूनच करून घ्या.) मागं बघितलं तर मीटरच्या बोर्डाजवळची जुनी अर्थची पट्टी गंजून पार भुगा झालेली.

त्याआधी एकजण येऊन गेला होता, तो म्हणाला सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला लूप मारून देतो, दोनशे रुपयात काम. मामांना सांगितलं तर ते चिडलेच. असा लूप असताना मागं कुठं न्यूट्रल तुटला तर मशीनची अख्खी बॉडी २३० वर येते. ज्यांच्या घरी असं केलेलं असेल त्यांनी कृपा करून आजच काढून टाका.

मग परसात नवीन खड्डा घेतला, रॉड, कोळसा, मीठ, वर पाणी घालायला पाइप. अर्थ टेस्टरवर खड्ड्याचा रेझिस्टन्स ३.८ ओहम आला, मला वाटलं झालं काम. मामांनी हिशोब करून दाखवला, २३० भागिले ३.८ म्हणजे साधारण ६० अँप, आणि आपला १६ अँपचा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँप लागतात, म्हणजे बॉडीला फेज लागला तरी एमसीबी लगेच पडेलच असं नाही. म्हणून ३० मिलीअँपची आरसीसीबी टाकली, म्हणजे थोडा करंट जरी अर्थकडं गळला तरी लाइन तोडणारा स्विच. पण ट्यूबच्या बाजूचं हाय व्होल्टेज आरसीसीबीला दिसत नाही, ते ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडं असतं, तिथं बॉडीचं अर्थिंगच कामाला येतं.

त्यामुळं मशीनच्या आतलं राहिलंच होतं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. प्लग काढून, बराच वेळ थांबून, उघडलं तर अर्थचा स्क्रू थेट पेंटवर आवळलेला. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला. झाकणाला तर अर्थच नव्हता, बिजागरीवर पण पेंट, मीटर ओपन दाखवायचा, तिथं जाळीदार तांब्याची पट्टी लावली. आता प्लगच्या जाड पिनपासून झाकणापर्यंत ०.३ ओहम येतं. कूलिंगच्या बादलीतला पंप दोन पिनचा होता तो पण बदलला, आणि नळाच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घातलं, कारण क्षारवालं पाणी करंट वाहतं आणि ट्यूबचं व्होल्टेज पाण्यातून बादलीत उतरू शकतं.

आता बॉडी ते न्यूट्रल एक व्होल्टच्या आत आहे. झाकणाचा इंटरलॉक स्विच, म्हणजे झाकण उघडलं की लेझर बंद करणारा, अजून यायचाय, तोपर्यंत खोलीला आतून कडी लावूनच मशीन चालवतो, पुतण्याला खिडकीतून पण बघू देत नाही.