अंगठा वाकत नाही

सकाळी पलंगावरून उतरले की पहिली दहा-बारा पावलं भिंत धरूनच पडतात. आज शेवटी एक्स-रे घेऊन डॉक्टरांसमोर बसले. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी दोन हाडांमध्ये जी फट दिसायला हवी, ती जवळजवळ नाहीच. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजलीय. वर हाडाचा छोटा उंचवटा, बूट नेमका तिथेच घासतो. एका पावलात 26 हाडं, आणि मला छळायला एक सांधा पुरला!

ऑपरेशन म्हणतील म्हणून पोटात गोळा आला होता. त्यांनी आधी माझी चप्पल उचलली, दोन्ही हातांनी वाकवली. सहज घडी पडली. "ही तुमची वैरीण," म्हणाले. टाच उचलली की अंगठा मुळातून वाकतो, तिथेच कळ येते. म्हणून कडक तळव्याचा, पुढून जरा वर उचललेला, बोटांना ऐसपैस जागा देणारा बूट. दुखेल तेव्हा लावायला जेल, पोटरीचे व्यायाम, आणि हो, वजन. (हे ऐकू न आल्यासारखं केलं.) एवढ्यावर नाहीच भागलं तर सांध्यात इंजेक्शन. झिजलेली कूर्चा मात्र परत येत नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

घरी येऊन सगळी पादत्राणं एकेक वाकवून पाहिली. सात जोड बाद. लग्नातली उंच टाचेची तेवढी कपाटात परत ठेवलीय, टाकवत नाही.